चंद्राच्या टेपा आणि गॅरेजमधली यंत्रं

 

आज अडगळीतल्या एका वस्तूचा इतिहास सांगणार आहे. ती वस्तू म्हणजे चुंबकीय टेप. आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या तळघरात नाहीतर गॅरेजमध्ये एखादा खोका असतो. त्यात गाण्यांच्या कॅसेट्स असतात, लग्नाच्या व्हीएचएस असतात, मुलांच्या पहिल्या वाढदिवसाच्या छोट्या व्हिडिओ टेपा असतात. घर बदललं की तो खोका नव्या घरात जातो, पण उघडला जात नाही. आज त्या खोक्याबद्दल बोलायचं आहे, पण त्याआधी थोडं चंद्रावर जाऊन येऊ.

माझं पोट कंपन्यांचा डेटा सांभाळण्यावर चालतं. लोक मला विचारतात, सगळं क्लाउडमध्ये असताना टेप कोण वापरतं? उत्तर असं की बँका वापरतात, इस्पितळं वापरतात, सिनेमावाले वापरतात आणि क्लाउड चालवणारेही वापरतात. २०११ च्या फेब्रुवारीत जीमेलच्या काही लोकांनी मेल उघडली तर आत काहीच नव्हतं. गूगलच्या सांगण्याप्रमाणे हे लोक एकूण वापरकर्त्यांच्या साधारण ०.०२ टक्के होते. त्यांच्या मेलच्या प्रती एकापेक्षा जास्त डेटा सेंटर्समध्ये होत्या. पण साठवणीच्या सॉफ्टवेअरमध्ये एक दोष शिरला आणि तो सगळ्या प्रतींना भोवला. शेवटी मेल परत आली ती टेपेवरून. टेप फडताळात पडून होती, कुठल्याही तारेला जोडलेली नव्हती, म्हणून तो दोष तिच्यापर्यंत पोचलाच नाही. आमच्या धंद्यात टेपेला अजून मान आहे तो यासाठी.

टेपेचा आणि रेडिओचा संबंध जुना आहे, म्हणून तेही थोडक्यात सांगतो. दुसऱ्या महायुद्धानंतर जॅक मलिन नावाचा अमेरिकन सैन्यातला इंजिनिअर जर्मनीत होता. तिथल्या एका रेडिओ केंद्रात त्याला मॅग्नेटोफोन नावाची ध्वनिमुद्रणाची यंत्रं दिसली. त्यांचा आवाज इतका स्वच्छ होता की कार्यक्रम थेट चालला आहे की मुद्रित केलेला, ते कळू नये. मलिनने दोन यंत्रांचे सुटे भाग केले आणि ते ५० रिळांसकट टपालाने घरी धाडले. १६ मे १९४६ रोजी सॅन फ्रान्सिस्कोमध्ये त्याने इंजिनिअरांपुढे प्रात्यक्षिक दाखवलं. गायक बिंग क्रॉस्बीला दर आठवड्याला थेट प्रक्षेपणासाठी उभं राहायचा कंटाळा आला होता. १९४७ च्या हंगामात त्याचा कार्यक्रम टेपेवर मुद्रित होऊ लागला. अँपेक्स या कॅलिफोर्नियातल्या छोट्या कंपनीला त्याने ५०,००० डॉलर्स दिले, आणि १९४८ मध्ये अँपेक्सची पहिली यंत्रं बाहेर पडली. अँपेक्स हे नाव लक्षात ठेवा, ते पुन्हा येणार आहे.

१९५२ मध्ये आयबीएमने ७२६ नावाचा टेप ड्राइव्ह आणला. त्याच्या एका रिळावर सुमारे २० लाख अंक मावत. तोपर्यंत तोच मजकूर छिद्रं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या कार्डांवर ठेवावा लागे, आणि त्या कार्डांनी खोल्या भरत. २०२१ साली आलेल्या एलटीओ-९ या टेपेच्या तळहाताएवढ्या डबीत १८ टेराबाइट मावतात. ढोबळ हिशेब केला तर त्या जुन्या ९० लाख रिळांचा मजकूर एका डबीत बसतो.

आता टेप म्हणजे नेमकं काय ते पाहू. भोगीच्या दिवशी आपण बाजरीच्या भाकरीला तीळ लावतो. टेप तशीच असते. भाकरीच्या जागी प्लॅस्टिकची पातळ फीत. तिळाच्या जागी चुंबकीय भुकटी, जी जुन्या टेपांमध्ये लोहाचं ऑक्साइड असे, म्हणजे गंजाचीच भावकी. आणि ती भुकटी फितीला धरून ठेवणारा डिंकासारखा थर. आवाज असो, चित्र असो की बँकेचा हिशेब, तो त्या कणांच्या चुंबकीय दिशेत लिहिलेला असतो.

ही दिशा सहजासहजी पुसली जात नाही. टेप मरते ती बहुतेक वेळा डिंकामुळे. हवेतली ओल शोषून तो थर फुटू लागतो आणि चिकट होतो. टेप यंत्रात घातली की ती चिकटते, किंचाळते आणि तीळ झडावेत तशी भुकटी हेडवर झडते. हेड म्हणजे टेपेला टेकून वाचणारा यंत्राचा भाग. १९७० आणि १९८० च्या दशकांतल्या कित्येक टेपांना हा रोग लागला. त्यावर अँपेक्सनेच एक उपाय काढला. टेप साधारण ५४ अंश सेल्सियसला काही तास मंद भाजायची. ओल निघते आणि काही दिवसांपुरती टेप चालते, तेवढ्यात तिची नक्कल करून घ्यायची. हे घरच्या ओव्हनमध्ये मात्र करू नका. त्याचं तापमान इतकं नेमकं राहत नाही, आणि सगळ्याच जातीच्या टेपांना भाजणं चालत नाही.

म्हणजे टेपेचे शत्रू आपल्या ओळखीचेच आहेत. ओल, उष्णता, धूळ आणि तापमानाची सततची वरखाली. कोकणातल्या पावसाळ्यात कपाटातल्या पुस्तकांना जो वास लागतो, त्याच हवेत टेपेचा डिंक फुटतो. पण माझा मुद्दा पुढचा आहे. टेप उत्तम ठेवली तरी तेवढ्याने भागत नाही. ते कसं, हे नासाच्या दोन गोष्टींतून कळतं.

पहिली गोष्ट २० जुलै १९६९ ची. नील आर्मस्ट्राँग चंद्रावर उतरला आणि कोट्यवधी लोकांनी ते टीव्हीवर पाहिलं. चित्र धूसर होतं, भुतांच्या सावल्या हलाव्यात तसं. पण चंद्रावरून आलेलं चित्र इतकं वाईट नव्हतं. चांद्रयानातला कॅमेरा सेकंदाला फक्त १० चित्रं पाठवत होता, आणि घरातल्या टीव्हीला ते चालत नव्हतं. म्हणून पृथ्वीवरच्या केंद्रांत ते चित्र एका पडद्यावर दाखवून, समोर टीव्हीचा कॅमेरा लावून पुन्हा टिपलं गेलं. प्रकाशाची प्रत तिथे खालावली. मूळ संदेश ऑस्ट्रेलियात आणि कॅलिफोर्नियात मोठ्या टेपांवर साठवला गेला. त्या टेपा नीट भरून अमेरिकेत आल्या.

पुढे अनेक वर्षांनी काही निवृत्त इंजिनिअर त्या शोधू लागले. नासानेही रीतसर शोध घेतला. २००९ मध्ये निष्कर्ष आला तो असा: त्या टेपा बहुधा १९७० च्या दशकाच्या शेवटी किंवा १९८० च्या सुरुवातीला पुसून दुसऱ्या कामाला वापरल्या गेल्या. त्या काळात नासाला टेपांचा तुटवडा होता, उपग्रहांकडून येणारी माहिती वाढत होती आणि नवी टेप महाग होती. त्यामुळे जुन्या टेपा हजारोंच्या संख्येने गोदामातून काढून पुसल्या गेल्या. माणसाच्या चंद्रावरच्या पहिल्या पावलाचं सर्वांत स्वच्छ चित्र त्यात गेलं असावं. टीव्हीच्या कंपन्यांकडे राहिलेल्या प्रती गोळा करून, साफ करून, नासाने त्याच वर्षी लोकांपुढे ठेवल्या. पण मूळ ते मूळच.

ऐकताना राग येतो, नाही का? पण मी एमबीए झालेला माणूस आहे, त्यामुळे त्या निर्णयाची दुसरी बाजूही मला दिसते. पुसणाऱ्यांनी काही गुन्हा केला नव्हता. त्यांच्या हिशेबाच्या वहीत टेप हा खर्च होता आणि रिकामी टेप ही बचत होती. टेपेवर काय लिहिलं आहे त्याचा रकानाच वहीत नव्हता. टीव्हीवर दाखवून झालं, जगाने पाहिलं, तर मूळ कशाला हवं, असं कोणालाही वाटलं असतं. आज माझ्या कामात जागा वाचवा, जुनं काढा, असं म्हणणारे व्यवस्थापक मला भेटतात, तेव्हा मी त्यांना एकच विचारतो: यात काय आहे हे सांगू शकणारा माणूस खोलीत आहे का? पुष्कळदा नसतो. तेव्हा तो सापडेपर्यंत काही पुसू नका, एवढाच माझा सल्ला असतो.

दुसरी गोष्ट याच्या उलट आहे.

अपोलो चंद्रावर उतरवायचं तर सपाट जागा हवी. ती शोधायला नासाने १९६६ आणि १९६७ मध्ये लूनर ऑर्बिटर नावाची पाच यानं पाठवली. पाचही यशस्वी झाली आणि त्यांनी चंद्राचा सुमारे ९९ टक्के भाग टिपला. गंमत अशी की त्यात कोडॅकची खरीखुरी फिल्म होती. यान चंद्राभोवती फिरता फिरता फोटो काढी, ते यानातच धुऊन निघत, मग त्यांच्या पट्ट्या वाचून संदेश पृथ्वीवर येई. तो इथे अँपेक्सच्या एफआर-९०० या यंत्रांवर, दोन इंच रुंदीच्या टेपांवर साठवला गेला. घाईत छापलेली चित्रं उतरण्याची जागा निवडायला पुरेशी होती, पण त्यांत पट्ट्यांच्या रेघा दिसत. टेपेवर त्याहून कितीतरी जास्त बारकावा होता. २३ ऑगस्ट १९६६ रोजी पहिल्या यानाने चंद्राच्या कडेवरून दिसणाऱ्या पृथ्वीचा फोटो घेतला. चंद्राजवळून घेतलेलं पृथ्वीचं ते पहिलं चित्र. तेही रेघांसकटच जगापुढे आलं.

काम झालं आणि टेपा गोदामात गेल्या. सुमारे १,५०० रिळं. १९८० च्या दशकात प्रश्न आला की या टेकवायच्या कुठे. कॅलिफोर्नियातल्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीत नॅन्सी एव्हान्स काम करत होत्या, आणि नासाच्या ग्रहविषयक माहितीचा साठा उभा करणाऱ्यांपैकी त्या एक. टेपा टाकून द्यायला त्यांनी नकार दिला. पण त्यांच्या लक्षात आणखी एक गोष्ट आली, आणि तीच मला सर्वांत मोलाची वाटते. टेपा ठेवल्या तरी त्या वाचणार कशावर? एफआर-९०० ही यंत्रं थोडीच बनली होती, ती सरकारी कामाची होती, आणि एकेक मोडीत निघत होती. बाईंनी शोध घेतला. हवाई दलाकडे काही यंत्रं निकालात निघत होती. चार यंत्रं मिळाली. एकेक फ्रिजएवढं आणि काही माणसांनी मिळून उचलावं इतकं जड. ठेवायला सरकारी जागा नव्हती, म्हणून ती त्यांच्या स्वतःच्या घरच्या गॅरेजमध्ये आली.

कॅल्टेकच्या मार्क नेल्सन यांच्या मदतीने त्यांनी यंत्रं चालू करायचा प्रयत्न केला, पण पैसे मिळाले नाहीत. बाई निवृत्त झाल्या. यंत्रं गॅरेजमध्येच, धूळ खात. ज्या गॅरेजमध्ये इतर लोक गवत कापायचं यंत्र आणि नाताळचे दिवे ठेवतात, तिथे चंद्राची किल्ली वीसेक वर्षं पडून होती.

२००७ मध्ये डेनिस विंगो आणि कीथ काउइंग यांना हे कळलं. त्यांनी ट्रक आणले आणि यंत्रं नि टेपा कॅलिफोर्नियातच उत्तरेला, माउंटन व्ह्यूजवळच्या नासाच्या एम्स केंद्रात नेल्या. आपल्यापैकी किती तरी जण तिथून रोज हायवे १०१ वरून कामाला जातात. केंद्राच्या आवारात एक बंद पडलेलं मॅकडॉनल्ड्स होतं, त्यात वातानुकूलन होतं, तेच मिळालं. जिथे बर्गर तळले जात तिथे टेपा रचल्या गेल्या. लोकांनी जागेला मॅकमून्स असं नाव दिलं.

आता खरी कसोटी. एका यंत्राचे भाग काढून दुसऱ्याला लावले. सेनेत अशा यंत्रांची कामं केलेल्या केन झिन यांनी दुरुस्तीचा भार उचलला. झिजलेली हेड नव्याने घडवून घ्यावी लागली आणि ते काम जाणणारे अगदी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले होते. शिवाय टेपेवरच्या संदेशाचं चित्र करणारं उपकरण सापडेना. जुन्या कागदपत्रांवरून त्याची जोडणी समजून घेऊन ते पुन्हा बनवावं लागलं. नासाने सुरुवातीला २,५०,००० डॉलर्स दिले. नोव्हेंबर २००८ मध्ये चंद्राआडून उगवणाऱ्या पृथ्वीचं तेच १९६६ चं चित्र नव्याने बाहेर आलं. रेघा गेलेल्या, चंद्राचे खड्डे एकेक मोजता यावेत इतके स्पष्ट. पुढे काही वर्षांत सुमारे २,००० प्रतिमा त्या टेपांवरून काढल्या गेल्या.

आणि त्यांची किंमत आता वाढली होती. २००९ मध्ये नासाने चंद्राभोवती नवं यान पाठवलं. त्याची चित्रं जुन्या चित्रांशेजारी ठेवली की मधल्या चाळीस-पंचेचाळीस वर्षांत चंद्रावर कोणते खड्डे नव्याने पडले ते शोधता येतं. १९६६ मध्ये हा उपयोग कोणाच्या मनातही नव्हता. जुना फोटो जुना झाला म्हणूनच कामाचा ठरला.

या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहा. दोन्ही टेपा नासाच्या, काळ जवळजवळ एकच, दोन्हींच्या मागे हुशार माणसं. एक गेली, एक राहिली. राहिली तिच्यामागे कोणीतरी तीन गोष्टी सांभाळल्या होत्या: टेप, ती वाचणारं यंत्र, आणि यंत्र कसं चालवायचं याची माहिती. यातली एक जरी निसटली तरी बाकीच्या दोन निरुपयोगी होतात. शिवाय सगळ्याच्या मुळाशी एका बाईंचा नकार होता.

हे आपल्याला नवीन वाटायचं कारण नाही. पुण्याचं पेशवे दफ्तर आठवा. कापडात बांधलेले हजारो रुमाल, त्यांत पत्रं, हिशेब, फर्मानं. कागद चांगला होता, शाई टिकली, दफ्तर राहिलं. पण लिपी मोडी. गो. स. सरदेसाईंनी १९३० पासून चारपाच वर्षांत त्या दफ्तरातून निवडक कागदांचे ४५ खंड काढले, कारण त्यांच्याकडे मोडी घडाघडा वाचणारी माणसं होती. त्याआधी इतिहासाचार्य राजवाडे वाड्यावाड्यांतून, कोनाड्यांतून, वाण्यांच्या पुड्यांतून कागद वाचवत हिंडले आणि त्यांनी २२ खंड छापले. पुढे शाळांतून मोडी गेली. आज रुमाल आहेत, पण ते वाचणारे मोजके. पुण्यात आणि इतरत्र मोडीचे वर्ग भरतात, तरुण मुलं शिकतात, म्हणून तो धागा अजून तुटलेला नाही. एफआर-९०० आणि मोडी यांत मला फारसा फरक वाटत नाही. दोन्हीकडे मजकूर शाबूत, वाचणारा दुर्मीळ.

आमच्या धंद्याने यातून काय घेतलं? टेप ठेवायची जागा आधी सुधारली. हर्मन नाउस्ट नावाचा माणूस न्यूयॉर्क राज्यातल्या लिव्हिंग्स्टनजवळच्या एका जुन्या लोखंडाच्या खाणीत आळंबी पिकवत असे. १९५१ मध्ये, अणुयुद्धाच्या भीतीच्या काळात, त्याने तीच खाण कागदपत्रं सांभाळायला वापरायला काढली, आणि त्यातून आयर्न माउंटन ही मोठी कंपनी झाली. खाणीत हवा थंड आणि बारा महिने सारखी. बँकांच्या टेपा अशाच जागी जातात. एलटीओ टेप दीर्घकाळ ठेवायची तर साधारण १६ ते २५ अंश सेल्सियस आणि २० ते ५० टक्के आर्द्रता हवी. डबी उभी ठेवायची, आडवी रचायची नाही. पडलेली डबी, बाहेरून ठीक दिसली तरी, महत्त्वाच्या कामाला वापरायची नाही. थंडीतून आणलेली टेप एक दिवस खोलीच्या हवेत ठेवून मगच ड्राइव्हमध्ये घालायची.

जागेच्या जोडीला यंत्राचा विचारही करावा लागतो. एलटीओ-९ चा ड्राइव्ह एलटीओ-८ ची टेप वाचतो, एलटीओ-७ ची वाचत नाही. एलटीओ-७ २०१५ मध्ये आली आणि एलटीओ-९ २०२१ मध्ये. म्हणजे कारखान्याने ३० वर्षं टिकेल असं सांगितलेली टेप सहाच वर्षांत नव्या यंत्राला परकी झाली. म्हणून शहाण्या कंपन्या दर काही वर्षांनी सगळा मजकूर नव्या टेपेवर उतरवतात. आणि वर्षातून निदान एकदा टेपेवरून काहीतरी परत आणून पाहतात. परत आणून पाहिलं नाही तोवर तो बॅकअप झाला असं मी तरी मानत नाही.

आता आपल्या घरातल्या खोक्याकडे वळू.

१९७० आणि १९८० च्या दशकांत इथे आलेल्यांना फोन परवडत नसे. अनेक घरांनी पत्रांऐवजी कॅसेट्स पाठवल्या. एका बाजूला आजोबा बोलत, दुसऱ्या बाजूला आजी, मध्येच अंगणातल्या कावळ्याचा आवाज. महाराष्ट्र मंडळांच्या गणेशोत्सवात बसवलेली नाटकं कोणी कॅमेऱ्यात टिपली. भारतातून लग्नाची व्हीएचएस आली की ती इथल्या व्हीसीआरमध्ये चालत नसे, कारण भारतात पॅल पद्धत आणि इथे एनटीएससी. मग कोणाकडे दोन्ही पद्धतींचा व्हीसीआर आहे याची चौकशी होई आणि अख्खं गाव त्या घरी जमे. म्हणजे वाचणारं यंत्र नसेल तर काय होतं, हे आपल्या लोकांना तेव्हाही ठाऊक होतं.

आज तो व्हीसीआर मिळणं अवघड झालं आहे. जपानच्या फुनाई कंपनीने २०१६ च्या जुलैमध्ये व्हीसीआर बनवणं थांबवलं, आणि ती ते बनवणाऱ्या अगदी शेवटच्या कंपन्यांपैकी होती. छोट्या डिजिटल व्हिडिओ टेपांचे कॅमेरे ज्या फायरवायरने जोडत, तिची जागा नव्या लॅपटॉपवर उरलेली नाही. म्हणून घरात चालू स्थितीतला टेपरेकॉर्डर, व्हीसीआर किंवा कॅमेरा असेल तर तो दान करण्याआधी थांबा. नॅन्सीबाईंचं गॅरेज आठवा.

काय करायचं ते सोप्या शब्दांत सांगतो. खोका तळघरातून आणि माळ्यावरून काढा. तळघरात ओल असते, माळ्यावर उन्हाळ्यात भट्टी असते आणि गॅरेजमध्ये दोन्ही. राहत्या खोलीतलं कपाट सर्वांत बरं. कॅसेट्स डब्यांत घालून उभ्या ठेवा, मोठ्या स्पीकरपासून लांब. कॅसेटच्या मागच्या कडेला दोन छोटे खिळे असतात, व्हीएचएसला एक. ते मोडलेले नसतील तर मोडा, म्हणजे वरून चुकून काही मुद्रित होणार नाही. भारतातून आणताना विमानतळावरच्या एक्स-रेची भीती बाळगू नका, त्याने चुंबकीय टेपेला काही होत नाही. तापलेल्या गाडीत मात्र ठेवू नका. टेपेवर बुरशीची पांढरी छटा दिसली, किंवा लावताच ती किंचाळली, तर लगेच थांबा आणि जाणकाराकडे द्या. एकदा तुकडे पडले की काम अवघड होतं.

चांगल्या स्थितीतल्या टेपांची डिजिटल प्रत करा किंवा करून घ्या. आधी मूळ आवाजाच्या टेपा, मग घरचे व्हिडिओ, बाजारात मिळणारी गाणी सर्वांत शेवटी. आमच्याकडे एक नियम आहे: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतली एक दुसऱ्या ठिकाणी. आपल्याला दुसरं ठिकाण शोधायला खाण नको. एक प्रत पुण्याला, नाशिकला, सांगलीला मावशीकडे किंवा चुलतभावाकडे ठेवा. वर्षातून एकदा, समजा दिवाळीत, एखादी फाइल उघडून पाहा. आणि प्रत झाली म्हणून मूळ टेप फेकू नका. अपोलोच्या लोकांनाही प्रत पुरेशी वाटली होती.

यंत्र आणि टेप यांच्यापेक्षा घाईची गोष्ट तिसरी आहे, माहितीची. तुमच्या कॅसेटवर फक्त १९८४ असं लिहिलेलं असेल. त्यात हसणारी बाई कोण, ती ओवी म्हणणारी आजी आईकडची की बाबांकडची, मागे हाक मारणारा पोऱ्या कोण, हे सांगणारी माणसं आज सत्तरीत आणि ऐंशीत आहेत. इथे वाढलेल्या तुमच्या मुलांना उद्या आवाज स्वच्छ ऐकू येईल, पण कोणाचा ते कळणार नाही. चित्र करणारं उपकरण नासाला कागदांवरून पुन्हा बनवता आलं, कारण कोणीतरी कागद लिहून ठेवले होते. आपल्या घरी ते कागद कोणी लिहिलेले नसतात.

तेव्हा या शनिवारी-रविवारी एवढं करा. खोका खाली आणा, एकच कॅसेट निवडा आणि आईला, काकूंना, आजोबांना शेजारी बसवा किंवा भारतात व्हिडिओ कॉल लावा. कॅसेट लावा, ती माणसं जे सांगतील ते मुलांना लिहून घ्यायला सांगा: कोण बोलतंय, कुठल्या गावी, कुठल्या साली, काय निमित्त होतं. मुलांचं मराठी लिहिणं कच्चं असलं तरी चालेल, इंग्रजीत लिहू दे. तो कागद कॅसेटच्या डबीत घडी करून ठेवा आणि त्याचा फोटो डिजिटल प्रतीबरोबर.

आणि जर कोणाच्या गॅरेजमध्ये चालू व्हीसीआर असेल, पॅल आणि एनटीएससी दोन्ही चालवणारा, तर मंडळाच्या पुढच्या कार्यक्रमात तेवढं सांगून ठेवा. कोणाला तरी त्याची गरज असणार आहे.

आज इथेच थांबतो. पुढच्या भागात भेटू. तोवर नमस्कार.